विराम विभव: पंपाचे श्रेय आणि गळतीचे काम

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हटकून विचारतो. चेतापेशी स्वस्थ असताना तिच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. त्याला आपण वर्गात रेस्टिंग पोटेन्शियल आणि मराठीत विराम विभव म्हणतो. हे ऋणत्व येते कुठून? बहुतेकांचे उत्तर तयार असते. सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोनच पोटॅशियम आयन आत घेतो, त्यामुळे आतून एक धन प्रभार कमी होतो आणि आतली बाजू ऋण होते. या उत्तरातील प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे, पण एकूण उत्तर चुकीचे आहे. मग मी पुढचा प्रश्न टाकतो: पंप या क्षणी बंद पाडला, तर पुढच्या सेकंदाला विभव किती असेल? "शून्य, सर," असे उत्तर येते, आणि गाडी नेमकी कुठे रुळावरून घसरली आहे ते समजते.

विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही हेच शिकवत होतो. पंपाची आकृती फळ्यावर छान दिसते, तीन आणि दोन हे आकडे लक्षात राहतात आणि गुणही मिळतात. पंप बंद पडल्यावर पुढच्या सेकंदाला विभव फार तर पाचएक मिलिव्होल्टने घसरेल, बाकीचा जागच्या जागी राहील. असे का होते हे समजले, की पेशीपटलाच्या शरीरक्रियेतील निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

इमारतीच्या गच्चीवरील टाकीचा दाखला इथे बराच उपयोगी पडतो. तळघरातील मोटर पाणी वर चढवते, पण तुमच्या नळाला धार येते ती टाकीच्या उंचीमुळे. वीज गेली म्हणून त्याच क्षणी नळ कोरडा पडत नाही. टाकी रिकामी होईपर्यंत धार चालू राहते. पेशीत पंप ही मोटर आहे, आतबाहेरच्या आयनांच्या संहतीतील, म्हणजे द्रावणातील त्यांच्या दाटपणातील, फरक ही भरलेली टाकी आहे आणि पटलातील सदैव उघडी असणारी पोटॅशियमची चॅनेले हा नळ आहे. दाखला इथपर्यंतच चालतो, कारण पाण्याला प्रभार नसतो आणि पुढची सगळी गंमत प्रभाराचीच आहे.

प्रभार वेगळे होतात म्हणजे काय होते

एक भांडे घ्या आणि मधोमध पातळ पडदा बसवा. डाव्या कप्प्यात पोटॅशियम क्लोराइडचे १४० मिलिमोलर द्रावण आणि उजव्या कप्प्यात तेच ५ मिलिमोलर द्रावण भरा. दोन्ही कप्प्यांत धन आणि ऋण आयन समसमान आहेत, त्यामुळे सुरुवातीला विभवांतर शून्य आहे. आता पडद्यात अशी छिद्रे पाडा, की ज्यांतून फक्त पोटॅशियम जाईल, क्लोराइड जाणार नाही. डावीकडे पोटॅशियम दाट आहे, म्हणून ते विसरणाने उजवीकडे जाऊ लागेल. पण प्रत्येक पोटॅशियम आयन आपल्या क्लोराइड जोडीदाराला मागे सोडून जातो, त्यामुळे डावी बाजू किंचित ऋण आणि उजवी किंचित धन होते. हे ऋणत्व पुढच्या पोटॅशियम आयनांना मागे खेचू लागते. काही क्षणांतच अशी स्थिती येते, की संहतीच्या उतारामुळे बाहेर पडणारे आणि विद्युत आकर्षणामुळे परत येणारे पोटॅशियम आयन संख्येने सारखे होतात. आयनांची ये-जा सुरूच असते, फक्त निव्वळ प्रवाह शून्य होतो.

या स्थितीतील विभवांतर किती असेल, हे सांगणारे सूत्र वाल्थर नेर्न्स्ट यांच्या नावाने ओळखले जाते. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, एकप्रभारी धन आयनासाठी ते असे वाचता येते: बाहेरच्या संहतीला आतल्या संहतीने भागा, भागाकाराचा दहा पायाचा लॉगरिथम घ्या आणि त्याला ६१.५ मिलिव्होल्टने गुणा. डावा कप्पा म्हणजे पेशीची आतली बाजू मानली, तर ५ भागिले १४० चा लॉगरिथम उणे १.४५ येतो आणि उत्तर उणे ८९ मिलिव्होल्ट मिळते. या भांड्यात पंप कुठेही नाही, पंपाला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणूही नाही. संहतीतील फरक आणि निवडक पार्यता (ठरावीक आयनांनाच आरपार जाऊ देणे), एवढ्या दोनच गोष्टींवर ८९ मिलिव्होल्ट उभे राहिले.

आता ज्या मुद्द्यावर सर्वात जास्त चुका होतात तो. किती पोटॅशियम आयन बाहेर गेले म्हणजे ७० मिलिव्होल्ट तयार होतात? विद्यार्थ्यांच्या मनात असे चित्र असते, की आतले बरेचसे पोटॅशियम बाहेर पडत असावे. गणित करून पाहा, ते चार ओळींचे आहे. पेशीपटलाची धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड असते. २० मायक्रोमीटर व्यासाच्या गोल पेशीचे पृष्ठफळ लक्षात घेतले, तर ७० मिलिव्होल्टसाठी वेगळे करावे लागणारे आयन सुमारे ५५ लाख भरतात. त्याच पेशीत १४० मिलिमोलर हिशेबाने एकूण पोटॅशियम आयन आहेत सुमारे ३५ हजार कोटी. म्हणजे साधारण चौसष्ट हजारांत एक आयन बाहेर पडला, की विभव पूर्ण तयार होतो. कोणत्याही रासायनिक चाचणीने हा फरक मोजता येणार नाही. संहती जशीच्या तशी राहते, विभव मात्र शून्यावरून उणे ७० वर जातो.

त्यामुळेच "पेशीच्या आत ऋण प्रभाराची प्रथिने असतात, म्हणून आत ऋण" हे दुसरे लोकप्रिय उत्तरही टिकत नाही. प्रथिनांवरील ऋण प्रभार खरा आहे, पण त्याची भरपाई करणारे पोटॅशियम त्यांच्याच आजूबाजूला आहे. पेशीद्रवाचा कुठलाही मधला थेंब विद्युतदृष्ट्या उदासीनच असतो. असमतोल फक्त पटलाला चिकटलेल्या अतिपातळ थरात असतो: आतून किंचित जास्त ऋण, बाहेरून किंचित जास्त धन. पण पटल स्वतः जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचे असल्यामुळे या किंचित असमतोलाचाही परिणाम प्रचंड होतो. ७० मिलिव्होल्टला ५ नॅनोमीटरने भागले, तर विद्युतक्षेत्राची तीव्रता दर मीटरला सुमारे १.४ कोटी व्होल्ट येते, आणि कोरड्या हवेत ठिणगी पडायला दर मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. पटलात रुतून बसलेल्या प्रथिनांना हे क्षेत्र सतत जाणवत असते. विभवावर उघडझाप करणारी चॅनेले शक्य होतात ती यामुळेच.

मग उणे ८९ ऐवजी उणे ७० का

पटल फक्त पोटॅशियमलाच पार्य असते, तर चेतापेशीचा विभव उणे ८९ असता. प्रत्यक्षात तो थोडा कमी ऋण असतो, कारण विरामाच्या स्थितीतही थोडेसे सोडियम आत झिरपत असते. सोडियमचा समतोल विभव, बाहेर १४५ आणि आत १२ मिलिमोलर धरल्यास, अधिक ६७ च्या आसपास येतो. विभवाची ही रस्सीखेच आहे: पोटॅशियम त्याला उणे ८९ कडे ओढते, सोडियम अधिक ६७ कडे, आणि ज्याची पार्यता जास्त त्याचा जोर जास्त. डेव्हिड गोल्डमन यांनी १९४३ मध्ये आणि त्यानंतर ॲलन हॉजकिन व बर्नार्ड कॅट्झ यांनी १९४९ मध्ये या रस्सीखेचीला गणिताचे रूप दिले. क्लोराइड तूर्त बाजूला ठेवून आणि सोडियमची पार्यता पोटॅशियमच्या ४ टक्के मानून आकडे घाला. भागाकारात वरच्या बाजूला बाहेरच्या संहती, ५ अधिक ५.८ (१४५ चे ४ टक्के), खालच्या बाजूला आतल्या, १४० अधिक सुमारे अर्धा. भागाकाराच्या लॉगरिथमला ६१.५ ने गुणले, की उणे ६८.५ मिळतात. हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे, असा माझा आग्रह असतो. मग सोडियमची पार्यता ४ टक्क्यांच्या वीसपट, म्हणजे ८० टक्के, करून तेच गणित पुन्हा करावे. विभव शून्याच्या जवळ जातो आणि क्रिया विभवाच्या, म्हणजे उत्तेजित चेतापेशीत क्षणभर उसळणाऱ्या विभवाच्या, चढणीचे रहस्य कागदावर उतरते.

या समीकरणातही पंप नाही. तो थेट किती भर घालतो? तीन-दोन हे प्रमाण समीकरणात घेण्यासाठी पोटॅशियमच्या दोन्ही संहतींना १.५ ने गुणायचे. तसे केल्यावर उत्तर उणे ६८.५ वरून उणे ७४ च्या जवळ जाते. म्हणजे पंपाचा थेट वाटा सुमारे ५ मिलिव्होल्ट. सोडियमची गळती कितीही मोठी मानली, तरी स्थिर अवस्थेत हा वाटा ६१.५ गुणिले १.५ चा लॉगरिथम, म्हणजे ११ मिलिव्होल्टच्या पलीकडे जाऊ शकत नाही. परीक्षेत लिहिले जाणारे ते उत्तर या पाच मिलिव्होल्टांचे स्पष्टीकरण आहे, उरलेल्या साठ-पासष्टांचे नाही.

केवळ गणितावर विश्वास ठेवू नये, हे मान्य. मग पेशी पाहा. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत हाच पंप आहे, पोटॅशियमही भरपूर साठलेले आहे, पण तिचा विभव उणे १० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, कारण तिच्या पटलाची क्लोराइडला असलेली पार्यता इतर सर्वांवर मात करते. आपल्या डोळ्यातील दंडपेशी अंधारात उणे ४० च्या जवळ असतात, कारण अंधारात त्यांची सोडियम आत घेणारी चॅनेले उघडी असतात. कंकाल स्नायूचा तंतू उणे ९० जवळ असतो. सगळीकडे पंप तोच आणि संहतीही जवळपास त्याच, विभव मात्र निरनिराळे. फरक आहे तो गळतीच्या स्वरूपात.

माकुलाचा चेताक्ष

हा विचार पहिल्यांदा मांडला तो जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ युलियुस बर्नश्टाइन यांनी, १९०२ मध्ये. पटल विरामात पोटॅशियमला निवडक पार्य असते, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते मुळात बरोबर होते. उत्तेजनाच्या वेळी पटल सर्वच आयनांना पार्य होऊन विभव शून्यावर येत असावा, हे त्यांचे दुसरे अनुमान मात्र चुकले. ते चुकले हे दाखवायला एक प्राणी लागला. रत्नागिरी-मालवणच्या बाजारात माकुल (स्क्विड) म्हणून विकला जातो त्याच गटातील लोलायगो नावाच्या प्राण्याच्या आवरणाच्या स्नायूंना जाणारे चेताक्ष, म्हणजे चेतापेशींचे लांब तंतू, अर्ध्या मिलिमीटरहून जाड, क्वचित एक मिलिमीटरही भरतात, हे जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. माकुल संकटात पाण्याचा झोत सोडून मागे पळते. त्यासाठी आवरणाचे सर्व स्नायू एकाच वेळी आकसावे लागतात आणि जाड चेताक्षातून आवेग वेगाने जातो. तिची ही निकड शरीरक्रियाशास्त्राच्या पथ्यावर पडली. अशा जाड चेताक्षात बारीक इलेक्ट्रोड लांबीच्या दिशेने सरकवता येतो. १९३९ मध्ये प्लिमथ येथे हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी तसे केले आणि क्रिया विभव शून्यावर न थांबता बराच धन होतो, हे पाहिले. लगेच युद्ध सुरू झाले आणि पूर्ण उलगडा १९५२ पर्यंत लांबला.

पंपाच्या प्रश्नावर निर्णायक ठरलेले प्रयोग यानंतरचे आहेत. १९५५ मध्ये हॉजकिन आणि रिचर्ड कीन्स यांनी माकुल आणि तिचे भावंड सेपिया यांच्या चेताक्षांना डायनायट्रोफिनॉलसारखी, एटीपीची निर्मिती थांबवणारी विषे दिली. सोडियम बाहेर टाकण्याचे काम मंदावत जवळजवळ थांबले, पण विराम विभव जवळपास होता तसाच राहिला आणि चेताक्ष आवेगही वाहून नेत राहिला. १९६१ च्या सुमारास बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी आणखी धाडसी काम केले. चेताक्षावर रबरी रूळ फिरवून, टूथपेस्टची नळी पिळावी तसा आतला पेशीद्रव बाहेर काढला आणि रिकाम्या पडलेल्या पटलाच्या नळीत पोटॅशियमच्या क्षाराचे साधे द्रावण भरले. ना तंतुकणिका, ना एटीपी, ना एंझाइमे. तरीही विराम विभव नेहमीसारखा मिळाला आणि उत्तेजन दिल्यावर क्रिया विभवही. आत भरलेल्या पोटॅशियमची संहती बाहेरच्या इतकीच केली, तेव्हा विभव गेला. वर सांगितलेले भांडे आणि पडदा यांचा हा जिवंत पटलावर केलेला प्रयोगच म्हणायला हवा.

बेडकाच्या सुट्या स्नायुतंतूवर १९५९ मध्ये हॉजकिन आणि होरोविक्झ यांनी बाहेरचे पोटॅशियम पायरीपायरीने वाढवून विभव मोजला. १० मिलिमोलरच्या वर विभव नेर्न्स्टच्या रेषेवर जवळजवळ तंतोतंत बसला. त्याखाली तो रेषेपासून सुटत गेला, कारण पोटॅशियम कमी झाल्यावर सोडियमची बारीक गळती डोके वर काढते. हा आलेख पाठ्यपुस्तकात असतो, पण विद्यार्थी त्याच्याकडे वरवर पाहून पान उलटतात. मला तो साऱ्या प्रकरणातील सर्वात प्रामाणिक आलेख वाटतो, कारण सिद्धान्त कुठे लागू पडतो आणि कुठून सुटू लागतो हे दोन्ही त्यात एका नजरेत दिसते.

चॅनेल इतके निवडक कसे

एक शंका नेहमी येते, आणि ती रास्त आहे. सोडियम आयन पोटॅशियमपेक्षा आकाराने लहान असतो. मग ज्या छिद्रातून मोठा आयन जातो, त्यातून लहान का जाऊ नये? याचे उत्तर १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची स्फटिकरचना उलगडली तेव्हा स्पष्ट दिसले, आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पाण्यात आयन नुसता नसतो, पाण्याच्या रेणूंच्या वेढ्यात असतो, आणि अरुंद छिद्रात शिरण्यापूर्वी त्याला तो वेढा सोडावा लागतो. चॅनेलच्या सर्वात अरुंद भागात कार्बोनिल गटांचे ऑक्सिजन अणू अशा अंतरावर मांडलेले असतात, की पोटॅशियमला ते पाण्याच्या ऑक्सिजनइतकेच जवळ वाटतात. पाणी सोडल्याची किंमत तिथल्या तिथे वसूल होते. सोडियम लहान असल्याने त्या ऑक्सिजनपर्यंत नीट पोचत नाही. त्याची किंमत वसूल होत नाही, म्हणून तो पाण्यातच राहणे पसंत करतो. विरामात उघडी राहणारी गळतीची चॅनेलेही याच तत्त्वावर चालतात. पंप आणि चॅनेल यांच्या वेगातील फरकही ध्यानात ठेवावा. चॅनेलमधून सेकंदाला कोटीच्या घरात आयन जाऊ शकतात, तर पंप सेकंदाला शंभराच्या आसपास फेऱ्या करतो. क्षणात बदलणारे विभव पंपाच्या हाताबाहेरचे आहेत, हे एवढ्यावरूनही लक्षात यावे.

पंप मग कशासाठी

गळती थांबत नाही, म्हणून पंप लागतो. उणे ७० वर पोटॅशियम समतोलात नसते आणि सोडियम तर मुळीच नसते. सोडियम सतत आत, पोटॅशियम सतत बाहेर झिरपत राहते. हे झिरपणे उलटवले नाही, तर टाकी हळूहळू रिकामी होते. पंपाचे रेणू म्हणून अस्तित्व १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायांतील चेतांमध्ये दाखवले. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतानाच एटीपी जोमाने फोडणारे एंझाइम त्यांना पटलाच्या तुकड्यांत सापडले, आणि त्यासाठी ४० वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना नोबेल मिळाले. मेंदूच्या एटीपी खर्चाचा निम्म्याच्या आसपास वाटा या एकाच कामाला जातो. विभव राखणे हा त्याचा एक उपयोग झाला. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले आत ओढणारे वाहक सोडियमच्या उतारावरच चालतात, आणि पंप नसेल तर आतल्या प्रथिनांमुळे पाणी आत येत राहून पेशी फुगते. चेतापेशी नसलेल्या पेशींतही हा पंप का असतो, याचे उत्तर यात आहे. याला अपवादही आहे: कुत्र्याच्या पक्व तांबड्या रक्तपेशींत हा पंप जवळजवळ नसतो, त्यांत सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी असते, आणि आकारमान राखण्याचे काम त्या कॅल्शियमच्या आडमार्गाने करतात.

पंप थांबल्यावर टाकी किती वेळात रिकामी होते, हे पेशीच्या जाडीवर ठरते. माकुलाच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या चेताक्षातून एका आवेगामागे जाणारे पोटॅशियम एकूण साठ्याच्या दहा लाखांतील एका भागाएवढे असते, त्यामुळे पंपाशिवाय हजारो आवेग सहज जातात. आपल्या वेदनावाही चेतातंतूंची जाडी एक मायक्रोमीटरच्या आसपास असते. त्यांच्यात पृष्ठफळाच्या मानाने आतली जागा फारच थोडी, त्यामुळे हेच प्रमाण हजारात एक इतके होते. मेंदूत तर पेशींमधली जागा इतकी अरुंद असते, की बाहेर पडलेले थोडे पोटॅशियमही तिथली संहती झटकन वाढवते. रक्तपुरवठा तुटल्यावर काही मिनिटांतच मेंदूतील विभव ढासळतात ते याच कारणाने. पंप थांबणे ही सुरुवात असते. विभव जातो तो टाकी रिकामी झाल्यामुळे.

हा फरक विषांच्या बाबतीतही दिसतो. कोकणातील लाल विंचवाच्या विषात चॅनेलांवर थेट काम करणारी द्रव्ये असतात. सोडियमचे चॅनेल वेळेवर मिटू न देणारी आणि पोटॅशियमचे काही प्रकार बंद पाडणारी ही द्रव्ये संहतीला हात न लावता चेतांचा भडिमार सुरू करतात. घाम, ओकारी, थंड पडलेले हातपाय आणि हृदयावरील ताण यामागे हा भडिमार असतो. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून याच भडिमाराच्या परिणामांना आवर घातला. याउलट कण्हेर, पिवळ्या फुलांची बिट्टी आणि शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई, या वनस्पतींमधील विषे पंपाला बाहेरून चिकटून तो अडवतात. हृदयाच्या पेशीत सोडियम साचते, त्यामुळे सोडियमच्या मोबदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारा वाहक मंदावतो, कॅल्शियम वाढते आणि ठोके अनियमित होतात. स्नायूंमध्ये परत न जाऊ शकलेले पोटॅशियम रक्तात वाढते. ४ मिलिमोलरचे ८ झाले, की पोटॅशियमचा समतोल विभव साडेअठरा मिलिव्होल्टने शून्याकडे सरकतो, पटल अर्धवट विध्रुवित अवस्थेत अडकते, सोडियम चॅनेले निष्क्रिय होतात आणि हृदय उत्तेजित होईनासे होते. पोटॅशियमचे इंजेक्शन नेहमी सौम्य करून आणि सावकाश का द्यायचे, हे त्या साडेअठरा मिलिव्होल्टांवरून कळते.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी या विषांची पुढची गोष्ट आणखी रसाळ आहे. रुईच्या कुळातील वनस्पती खाऊन वाढणाऱ्या मोनार्क फुलपाखराच्या पंपात १२२ व्या जागेवर ॲस्पॅराजिनऐवजी हिस्टिडिन आले आहे, आणि तेवढ्या बदलाने विषाची पकड सैल होते. उंदरावर पंपाचे प्रयोग करणाऱ्यांनाही असाच अनुभव येतो: घुशी-उंदरांच्या पंपाचा मुख्य प्रकार ओबेन या पंप अडवणाऱ्या विषाला इतका दाद देत नाही, की गिनिपिगला पुरणारी मात्रा तिथे पुरत नाही.

फुलपाखरांचा विषय निघालाच आहे तर एक कोडे इथे मांडतो. रेशीमकिड्याच्या अळीच्या रक्तद्रवात सोडियम अगदी थोडे आणि पोटॅशियम त्याच्या कितीतरी पट असते, कारण ती दिवसभर पाने खाते आणि पानांत पोटॅशियमच भरलेले असते. बाहेर ४० आणि आत १४० मिलिमोलर पोटॅशियम धरले, तर नेर्न्स्टच्या हिशेबाने विभव उणे ३० ते ३५ च्या पलीकडे जाऊ नये, आणि बाहेर सोडियमच नसेल तर क्रिया विभव चढणार कशाच्या जोरावर? तरी अळी व्यवस्थित चालते, पाने कुरतडते आणि कोष विणते. ते शक्य होते, कारण तिचा चेतारज्जू रक्तद्रवात उघडा पडलेला नसतो. त्याच्याभोवती पेशींचे घट्ट सांधलेले आवरण असते, आणि त्या पेशी आतल्या बाजूस सोडियम जास्त व पोटॅशियम कमी असलेला वेगळा द्रव राखतात. विच्छेदनाच्या टेबलावर हे आवरण फाडून चेतारज्जू अळीच्याच रक्तद्रवात ठेवला, तर काय होईल, हे आता कोणीही फळ्यावर काढून दाखवू शकेल. यंदाच्या तोंडी परीक्षेत मी हाच प्रश्न विचारणार आहे.